रिकामं घमेलं

मला राग पटकन येतो आणि हसू त्याहून पटकन येतं. या दोन दुर्गुणांमुळे गंभीर म्हणावं असं काम माझ्या हातून आयुष्यात फारसं झालं नाही. एकदाच झालं, शहात्तर साली, आणि त्याची शिक्षा मला न होता भलत्याच बाईला झाली. म्हणून ते सांगून टाकते.

तेव्हा मी अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झाले होते आणि सांगलीला मामाकडे राहून नोकरी शोधत होते. शोधत होते म्हणजे सकाळी वर्तमानपत्र वाचत होते आणि दुपारी मामीबरोबर सांडगे घालत होते. साताऱ्याहून वडिलांचं दर आठवड्याला पोस्टकार्ड यायचं. त्यात तीनच ओळी असायच्या. इकडील सर्व क्षेम, नोकरीचे काय झाले, उलट टपाली कळवणे. वडील सरकारी कचेरीत होते, त्यामुळे पोटच्या मुलीलाही ते स्मरणपत्रच पाठवत. तिसऱ्या महिन्यात मामी म्हणाली, "तुझ्या सांडग्यांवर यंदा दोन घरं जेवतील. आता काहीतरी दुसरं बघ."

दुसरं काहीतरी मागच्याच गल्लीत राहत होतं. इंजिनिअरिंग शिकवणारे एक प्राध्यापक तिथे राहायचे आणि बांधकामावर संशोधन करायचे. बांधकाम कसं करावं यावर नव्हे, ते गवंड्यांना येतंच. बांधकाम वेळेवर का होत नाही आणि वेळ गेला की इमारत महाग का पडते, यावर. "इमारत विटांची नसते, वेळेची असते," हे त्यांचं आवडतं वाक्य. मामीला मी ते ऐकवलं तर ती म्हणाली, "मग आपल्या न्हाणीची भिंत सारखी का झिरपते ते विचार त्यांना. वेळ गळतोय म्हणावं."

प्राध्यापकांना बांधकामावर दिवसभर उभं राहून नोंदी करणारं माणूस हवं होतं. त्यांचे विद्यार्थी दोन दिवस गेले आणि उन्हाला भिऊन परत आले होते. मला त्यांनी एकच प्रश्न विचारला, "नजर चांगली आहे का?" मी म्हणाले, "एका दमात सुईत दोरा ओवते." झालं, नोकरी लागली. वडिलांना कळवलं की संशोधन विभागात नेमणूक झाली आहे. विभागात मी एकटीच आहे हे काही कळवलं नाही.

काम आष्ट्याला होतं. तिथे गुळाचा व्यापार करणारे एक मालक मंगल कार्यालय बांधत होते. वैशाखात त्यांच्या स्वतःच्या मुलीचं लग्न त्यात पहिलं लागायचं होतं. पत्रिकेवर पत्ताही त्याच कार्यालयाचा घातला होता, आणि फेब्रुवारी उजाडला तरी भिंती नुकत्या कुठे खिडक्यांच्या वर सरकल्या होत्या. मालक घायकुतीला आले होते. प्राध्यापकांनी त्यांना सांगितलं, "आमची निरीक्षक महिनाभर तुमच्या कामावर नुसती बघत उभी राहील आणि वेळ कुठे जातो ते शोधून देईल." कोणी फुकटात काही शोधून देतंय म्हटल्यावर व्यापारी माणूस कशाला नाही म्हणतो.

पद्धत सोपी होती. गळ्यात कॉलेजच्या जिमखान्यातून आणलेलं, धावण्याच्या शर्यतीचं घड्याळ. दर दहा मिनिटांनी ते टक् करायचं, मान वर करायची, आणि त्या क्षणी कामावर जे जे माणूस दिसेल ते काय करतंय याची कागदावर एकेक खूण करायची. रकाने तीन. छापील तक्ता इंग्रजीत होता, तो मी शब्दकोश घेऊन माझ्यापुरता मराठीत करून घेतला. पहिला रकाना 'कामात'. दुसरा 'वाट बघत'. तिसऱ्याच्या शब्दाला कोशात दोन अर्थ दिले होते, आळशी आणि रिकामा. कष्टकरी माणसांना आळशी कसं लिहायचं, बरं दिसत नाही, म्हणून मी मोठ्या सभ्यपणाने 'रिकामं' लिहिलं. पुढचं सगळं रामायण त्या सभ्यपणातून घडलं.

पहिल्या दिवशी एसटीतून उतरून मी छत्री, डबा, घड्याळ आणि चिमटा लावलेला पुठ्ठा अशा सरंजामात कामावर पोचले. मुकादम पुढे आले. साताऱ्याकडचे, मिलिटरीतून हवालदार होऊन निवृत्त झालेले, पण मिशा अजून नोकरीत. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी खाकी शर्टाच्या खिशातून चौघडी केलेला कागद काढला आणि माझ्या नाकासमोर धरला.

"माजं झालंय, मॅडम. दोन वर्सं झाली. शिक्का बगून घ्या."

मी शिक्का बघितला आणि कानापर्यंत लाल झाले. त्या साली कुटुंबनियोजनाचा काय जोर होता हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. कागद घेतलेली बाई गावात शिरली की बाप्ये उसात शिरायचे. मी बावीस वर्षांची, लग्न व्हायची, आणि भर दिवसा एका हवालदाराच्या ऑपरेशनचा दाखला हातात धरून उभी. मी म्हणाले, "अहो, मी बांधकामाच्या संशोधनाची आहे." मुकादम समजूतदारपणे म्हणाले, "व्हय व्हय. समद्या असंच कायतरी म्हंत्यात."

तोवर खाली उभे असलेले चार गवंडी भिंतीलगतच्या बांबूंच्या परांचीवर चढले होते. चढले ते उतरलेच नाहीत. दुपारची भाकरी दोरीला बांधून वर गेली, चहाची किटली वर गेली. मी भिंतीच्या या अंगाला आले की ते त्या अंगाला तोंड करून विटा रचायचे. संध्याकाळी मी स्टँडकडे निघाले की मगच त्यांचे पाय जमिनीला लागायचे. रोज हेच. भिंत मात्र अशी झरझर चढायला लागली की प्राध्यापकांनी वहीत लिहून ठेवलं, निरीक्षकाच्या उपस्थितीमुळे गवंड्यांच्या कामात लक्षणीय सुधारणा. सुधारणा कसली, कप्पाळ. जीव मुठीत धरून बसली होती बिचारी माणसं.

परांचीवरचं खालून धड दिसत नव्हतं, त्यामुळे माझ्या तक्त्यात उरल्या फक्त बायका. ओझी वाहणाऱ्या बारा बिगारी बायका. कालवलेल्या चुन्या-सिमेंटला गवंडी नुसतं 'माल' म्हणतात. तो माल किंवा विटा घमेल्यात भरायच्या, घमेलं डोक्यावर घ्यायचं, फळ्यांच्या उतारावरून परांचीपर्यंत चढायचं, वर ओतायचं आणि रिकामं घमेलं घेऊन खाली यायचं. पुन्हा भरायचं. सकाळी आठपासून दिवस कलेपर्यंत.

या बायका मला मुळीच भ्यायल्या नाहीत. त्यांची पुढारी आक्का, पन्नाशीची, आणि आवाज असा की रस्त्यावरची एसटी थांबावी. तिने पहिल्याच दिवशी माझी उलटतपासणी घेतली.

"लगीन झालंय?"

"नाही."

"कवा हाय?"

"बघतायत."

"मग ह्ये घड्याळ कशापायी गळ्यात? नवरा पळत येनार हाय व्हय?"

सगळ्या हसल्या, मीही हसले. दुसऱ्या दिवशी बाराच्या बारा जणी ठेवणीतली लुगडी नेसून आल्या, कारण आक्काने सांगितलं होतं की बाई फोटू काढणार. मी म्हणाले, फोटो नाही, नुसती नोंद आहे. आक्का म्हणाली, "नोंदीत बरं दिसू ने का मानसानं?"

त्यांच्यात एक कवठे महांकाळकडची होती. तिला सगळ्या कवठ्याचीच म्हणत. बोलायची कमी. चालायची सगळ्यांत हळू, पण घमेलं शिगोशीग भरून घ्यायची आणि वाटेत थेंब सांडायची नाही. घरात म्हातारी आई आणि दोन मुली, कमावणारी ती एकटी. हे मला आक्काने सांगितलं. तिने स्वतः मला इतक्या दिवसांत एकच वाक्य ऐकवलं होतं, "उन्हात हुब्या ऱ्हाऊ नगा."

पण माझं घोडं पहिल्याच दिवशी अडलं होतं. टक् झालं, मान वर केली. सहा बायका भरलेलं घमेलं डोक्यावर घेऊन चढतायत. या कामात. सहा जणी रिकामं घमेलं हातात घेऊन उतरतायत. यांना कुठे घालायचं? काम म्हणावं तर काही वाहत नाहीत. वाट बघतायत म्हणावं तर चालतायत. मी तिसऱ्या रकान्याकडे पाहिलं. तिथे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, रिकामं. घमेल्याकडे पाहिलं. रिकामं. इतकं स्वच्छ उत्तर मला बी.ए.च्या पेपरात कधी सापडलं नव्हतं. केली खूण.

प्राध्यापकांना विचारायला हवं होतं, मान्य. पण विचारलं तर हिला काही येत नाही असं त्यांना वाटेल, आणि मला काही येत नाही असं कोणाला वाटलेलं मला खपत नसे. आताही फारसं खपत नाही. तीन आठवडे मी अत्यंत प्रामाणिकपणे, उन्हातान्हात, एक नोंद न चुकवता चुकीची खूण करत राहिले.

तिसऱ्या शनिवारी बेरीज झाली. निम्म्या खुणा 'कामात', निम्म्या 'रिकामं'. प्राध्यापक खुर्चीतून उठून उभे राहिले. "निम्मा वेळ वाया. मला संशय होताच." त्या दिवशी त्यांच्या घरी मला पहिल्यांदा चहाबरोबर चिवडा मिळाला. मी अशी फुगले होते की घरी जाऊन मामीला म्हणाले, "मी वेळ शोधून काढला." मामी म्हणाली, "कुणाचा?" तेव्हा मला ते उगीच खोचक वाटलं.

सोमवारी प्राध्यापक माझ्याबरोबर आष्ट्याला आले आणि मालकांना निष्कर्ष सांगितला. त्यांच्या मनात कामाची आखणी बदलायची होती. माल भिंतीच्या जवळ कालवावा, चढायची आणि उतरायची वाट वेगळी करावी, असलं काहीतरी. पण मालकांनी 'निम्मा' एवढाच शब्द ऐकला.

"म्हंजे बारातल्या सा बायका नुस्त्या हिंडत्यात म्हना की. मग सा कमी करा."

"तसं नव्हे," प्राध्यापक म्हणाले. पण मालक तोवर मुकादमांकडे वळले होते. "फुडल्या सोमवारपासनं सा जनी बंद. आन एक आजच बंद करा, बाकीच्यास्नी समजंल."

आज कोण, तर जी सगळ्यांत हळू चालते ती. मुकादमांनी कवठ्याचीला बाजूला बोलावलं आणि सांगितलं की घरी जा, उद्यापासून येऊ नको. तिने घमेलं भिंतीशी पालथं ठेवलं, डोक्यावरची चुंबळ सोडून तिचा धडपा झटकून खांद्यावर टाकला आणि निघाली. भांडली नाही, रडली नाही, का म्हणून विचारलं नाही. माझ्या छत्रीजवळून गेली. मी छत्री जरा खाली ओढली. तरी मला वाटत होतं की आकडा खरा आहे आणि खऱ्याला कोण काय करणार.

दुपारच्या सुट्टीत आक्का माझ्यासमोर येऊन बसली. आज ती चेष्टा करायला आली नव्हती.

"बाई, आमच्याबद्दल काय लिवलंसा, वाचून दावा."

मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "रिकामं म्हंजी?" मी समजावलं. वर जाताना कामात, खाली येताना रिकामं. आक्का लहान मुलीला सांगावं तसं हळू म्हणाली, "आवं, घमेलं रिकामं. बाई न्हवं." आणि पुढे म्हणाली, "खाली रिकामं आनलं न्हाई, तर वर भरून काय न्ह्याचं? तुमचं घड्याळ?"

एवढं साधं होतं. पाण्याला निघालेली बाई जाताना रिकामीच घागर नेते, हे मला चालायला लागल्यापासून ठाऊक होतं. मला माझाच असा राग आला की मी पुठ्ठा जमिनीवर आपटला आणि त्याचा चिमटा तुटला. त्याने काय होणार होतं म्हणा.

संध्याकाळी सांगलीत उतरल्याबरोबर मी प्राध्यापकांकडे गेले आणि माझी चूक झाली म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "दया येणं साहजिक आहे. पण दयेपोटी नोंदी बदलायच्या नसतात." मी म्हणाले, दया नाही हो, घमेलं. ते म्हणाले, "बुधवारी मी मालकांना घेऊन बसतो आणि दिवसभर स्वतः बघतो. बायका रिकाम्या दिसल्या तर तुमच्या नोंदी खऱ्या." माझी पाचावर धारण बसली. उतरताना त्या रिकाम्या दिसणारच होत्या, आणि आणखी पाच जणींचा शेर संपणार होता.

मंगळवारी मी आक्काला हे जसंच्या तसं सांगितलं.

"म्हंजी घमेलं रिकामं दिसलं की आमी रिकाम्या."

"हो."

"आन भरल्यालं दिसलं की कामात."

"हो."

"बरं," आक्का म्हणाली आणि उठून गेली. दिवसभर अकरा जणींची कुजबुज चालली होती. मी जवळ गेले की गप्प व्हायच्या.

बुधवारी प्राध्यापक आणि मालक कामाशेजारच्या लिंबाखाली खुर्च्या टाकून बसले. मी घड्याळ टक् केलं आणि मान वर केली. पाच बायका भरलेली घमेली घेऊन चढत होत्या. सहा जणी उतरत होत्या, आणि त्यांच्याही डोक्यावर घमेली भरलेली होती.

मी डोळे चोळले. वर गेलेला माल न ओतता तसाच घमेल्यात बसून परत खाली येत होता. विटा चढत होत्या, परांचीला वळसा घालत होत्या आणि उतरत होत्या. आक्का सगळ्यांत पुढे होती आणि तिच्या तोंडावर देवीच्या ओटीला निघाल्याचा भाव होता.

प्राध्यापकांनी माझ्या हातातून पुठ्ठा घेऊन स्वतः खुणा केल्या. अकरा कामात, रिकामं कोणी नाही. दहा मिनिटांनी पुन्हा अकरा. पुन्हा अकरा. "दोन दिवसांत एवढा फरक," ते पुटपुटले. मालक खूश झाले. "बगा, एक बाई कमी केली तर बाकीच्या कशा सरळ झाल्या."

वर मात्र गवंड्यांची तारांबळ उडाली होती. पहिला अर्धा तास त्यांनी उरल्यासुरल्या मालावर भागवलं. मग त्यांच्यातला एक जण धीर करून म्हणाला, "आगं, माल वत की. कुटं निगालीस घिऊन?"

आक्का खालून म्हणाली, "रिकामं याचं न्हाई. मालकांचा हुकूम हाय."

"आगं, पर मग मी बांदू काय?"

"त्ये तुमच्या रकान्यात बगा."

एखाद्या गवंड्याने थापी आडवी घालून माल बळंच ओतून घेतला, तर ती बाई मोकळी कशी उतरणार? ती वर जे हाताला लागेल ते घमेल्यात घालून आणायची. तासाभरात भिंतीचा सरळपणा बघायचा ओळंबा खाली आला. मग भाकरीची फडकी आली, किटली आली, विड्यांचं बंडल आलं, एकाचा सदरा आला. शेवटी चौघांच्या वहाणा आल्या. लिंबाखाली आमच्या पुढ्यात गवंड्यांचा सगळा संसार मांडला गेला. त्यांना खाली येऊन तो नेता येत नव्हता, कारण खाली मी होते.

मालकांनी मुकादमांना विचारलं, "ह्ये काय चाललंय?"

मुकादम सावधानमध्ये उभे राहिले. "शंबर टक्के काम, मालक." मग नजर समोरच ठेवून म्हणाले, "मिल्ट्रीत रसद टाकून गाडी रिकामीच माघारी याची. तिला कुनी कामचोर म्हनलं न्हाई. पर हुकूम म्हंजे हुकूम."

दुपारी भिंतीला मोजायची टेप लावली. भिंत कालच्याइतकीच भरली. एका टोकाला तर ती एक थर कमी भरली, कारण उत्साहाच्या भरात कोणीतरी काल संध्याकाळी बसवलेल्या ओल्या विटाही उकलून खाली आणल्या होत्या. मालकांचा चेहरा पडला. पत्रिका छापून आल्या होत्या.

प्राध्यापकांनी पुठ्ठा परत माझ्या हातात दिला. मग त्यांनी मला विचारलं, "रिकामं म्हणजे तुम्ही नक्की काय धरलं होतंत?" मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि हसायला लागले. हसता हसता म्हणाले, "चूक तुमची. आणि तीन आठवडे ती मला दिसली नाही, ही माझी." मग मालकांकडे वळून त्यांनी सांगितलं, "यांच्यातली एक जरी कमी केलीत, तर मुलीचं लग्न उघड्यावर लावावं लागेल." मालकांनी तिथल्या तिथे हुकूम फिरवला. घमेली पुन्हा रिकामी उतरायला लागली आणि भिंत पुन्हा चढायला लागली.

मला हसू येईना. अकरा जणी राहिल्या होत्या. बारावीचं काय, म्हणून मुकादमांना विचारलं तर म्हणाले, "आली तर घिऊ की. पर दारात रोज चार जनी काम मागत्यात. उद्या तिची जागा मोकळी दिसली तर मालक दुसरी भरत्याल."

संध्याकाळी काम सुटल्याबरोबर मी आक्काला विचारून कवठ्याचीच्या घरी गेले. आष्ट्याच्या कडेला एक खोली. ती चुलीपुढे भाकरी थापत होती, मुली शेजारी बसल्या होत्या, म्हातारी भिंतीला टेकली होती. मी दारातूनच सांगून टाकलं, "उद्यापासून या. मालकांनी बोलावलंय. माझी चूक झाली. मी तुम्हाला रिकामं लिहिलं होतं."

तिने भाकरी उलटली. "तुमची चूक झाली?"

"हो."

"मग तुमास्नी कुनी म्हनलं का, उद्यापासनं येऊ नगा?"

"नाही."

त्या 'नाही'ची मला आजही लाज वाटते. ती रागाने बोलत नव्हती. खरंच विचारत होती. उत्तर ऐकून तिने मान हलवली आणि म्हणाली, "शनवारपतूर मी उसात तन काडाया, भांगलनीला जाते म्हनून शबूद दिलाय. त्यो मोडायची न्हाई. सोमवारी येते. तवर माजी जागा धरा."

मी म्हणाले, "मुकादमांना सांगून ठेवते."

"सांगू नगा," ती म्हणाली. "धरा."

गुरुवारी मी मामीचं जुनं लुगडं नेसून गेले. मामीला सांगितलं की संशोधनाचा पुढचा भाग आहे. मुकादमांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, पण मोजून बारा जणी भरल्यावर हजेरी मांडून टाकली. आक्काने चुंबळ माझ्या डोक्यावर ठेवली आणि पहिलं घमेलं अर्धंच भरलं. तरी फळीवर माझे पाय लटपटायला लागले. माल वेणीत गेला, कानात गेला, पाठीवरून ओघळला. बायका इतक्या हसत होत्या की दोघींना घमेली खाली ठेवावी लागली. तिसऱ्या खेपेला वर पोचले तर गवंडी समोर. इतक्या दिवसांत आम्ही पहिल्यांदा एकमेकांची तोंडं बघितली. एक जण दुसऱ्याला म्हणाला, "गड्या, ही तसली बाई न्हाई. सरकारी मानूस घमेलं उचलतंय व्हय?" त्या दुपारी चारही गवंडी खाली येऊन चहा प्याले.

चढताना काही सुचत नसे. उतरताना श्वास घ्यायचा, मान सरळ करायची, डोळ्यांतला घाम पुसायचा, पुढच्या खेपेला लागेल तेवढं बळ गोळा करायचं. तेवढी ती वाट नसती तर मी पहिल्या तासाला आडवी झाले असते. शनिवारी एसटीत बसल्याबरोबर मी झोपले, ते सांगलीला कंडक्टरने उठवलं तेव्हा उठले.

सोमवारी कवठ्याची आली. माझ्या हातातली चुंबळ घेतली, फिरवून बघितली आणि म्हणाली, "ही उलटी हाय. तीन दिस अशीच घेतलीसा?" मी आक्काकडे बघितलं. आक्का उसाकडे बघत होती.

मी लिंबाखाली जाऊन पुठ्ठा मांडीवर घेतला. टक् केलं. कवठ्याची तिच्या नेहमीच्या संथ चालीने उतरत होती, हातात रिकामं घमेलं. मी 'कामात'च्या रकान्यात खूण करायला गेले, तर बोटं पेन्सिलीभोवती मिटेचनात. आक्काला हाक मारली आणि चौकोन दाखवला. तिने जन्मात पेन्सिल धरली नव्हती. ती मुठीत धरून तिने एक उभी रेघ अशी जोरात ओढली की कागद फाटला. मी तो तसाच सांगलीला प्राध्यापकांना नेऊन दिला.